मोटारीची जिल्हई

घरच्या अंगणांत आपली मोटार स्वतःच्या हातानें रंगविणारा एखादा हौशी गृहस्थ आपण पाहिला असेल. रंगाचे थर बसले, त्यांवर पारदर्शक रोगणाचे – रंगारी ज्याला नुसतें 'क्लिअर' म्हणतात त्याचे – दोन-तीन हात झाले, गाडी पावसानें न्हालेल्या पानासारखी चमकूं लागली. आणि आठवडाभरानें पाहावें तों हाच गृहस्थ बादलीभर पाणी व बारीक पॉलिश पेपर घेऊन ती चमक घांसून घालवीत बसला आहे! गाडी खडूसारखी पांढुरकी झाली आहे आणि पाहणाऱ्या शेजाऱ्याचा जीव खालींवर होत आहे. याला वेड लागलें काय, असा प्रश्न शेजाऱ्याच्या मनांत येणें साहजिक आहे. वेड कांहीं नाहीं. तो जें करीत आहे तें एका फार जुन्या कारागिरीचें अवशिष्ट रूप आहे. आजच्या भाषणांत या घांसण्याचाच इतिहास मला सांगावयाचा आहे. रंगाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. घांसण्याचा क्वचितच कोणी लिहितो, कारण रंगाला नांव असतें, घांसणाऱ्याला नसतें.

चमक म्हणजे काय, हें आधीं थोडें पाहिलें पाहिजे. न्यूटननें १७०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ऑप्टिक्स' ग्रंथांत कांचेच्या जिल्हईविषयीं एक मार्मिक विचार मांडला आहे. वाळूनें व बारीक पुडीनें कांच घांसली असतां तिच्यावरचे ओरखडे नाहींसे होत नाहींत; ते डोळ्यांस दिसेनासे होण्याइतके बारीक होतात, एवढेंच. दृश्य प्रकाशाची लहर सुमारें ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पृष्ठभागावरील खळगे या मापाच्या मानानें मोठे असले कीं प्रकाश चहूंकडे विखुरतो आणि वस्तु निस्तेज दिसते. आमच्या गृहस्थाच्या हातांतील २००० नंबरच्या पेपरावरचे कण सुमारें १० मायक्रॉनचे असतात. म्हणून त्याची गाडी खडूसारखी दिसते. पुढें तो रबिंग कंपाउंडाचा लेप लावून चोळील, तेव्हां ओरखडे लहरीच्या मापाखालीं जातील आणि त्याच पत्र्यांत समोरच्या झाडाच्या फांद्या मोजतां येतील.

पण चमक होतीच, तर मग ही यातायात कशाला? कारण फवाऱ्यानें उडविलेले थेंब पुरते सपाट होण्यापूर्वींच आळूं लागतात. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे राहतात. असा पत्रा चमकतो खरा, पण त्यांतलें प्रतिबिंब हलत्या पाण्यांतल्यासारखें मोडलेलें असतें. शिवाय अंगणांतली धूळ, एखादें चिलट, कोठें ओघळ, हीं असतातच. हे उंचवटे कापून सगळा पृष्ठभाग एका पातळीस आणणें, हें त्या पेपराचें काम.

ही युक्ति पूर्वेकडच्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होती. जपानांत उरुशी नांवाच्या झाडाच्या चिकाचें रोगण करतात. त्याच्या 'रोइरो' नामक कामांत शेवटचा थर वाळल्यावर तो विशिष्ट कोळशानें पाण्याबरोबर घांसतात, आणि अखेर हरणाच्या शिंगाच्या राखेनें, तळहातानें चोळून, काळ्या आरशासारखा करतात. लक्षांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, तेथें सर्वांत वरचाच थर घांसला जातो.

युरोपांतील बग्ग्या करणाऱ्यांची रीत याच्या उलट होती. तेथें घांसणें सगळें पोटांत असे. लांकडावर प्रथम जवसाच्या तेलांत कालविलेल्या शिशाच्या सफेत्याचा हात. मग जाड लुकणासारख्या लेपाचे अनेक थर, आणि ते वाळले कीं वजरीसारख्या सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या ठोकळ्यानें पाणी ओतीत ओतीत पाटीच्या दगडासारखे सपाट करावयाचे. त्यानंतर रंगाचे हात. मग चंद्रुसाच्या व्हार्निशाचे हात, आणि प्रत्येक हातानंतर त्याच दगडाच्या पुडीनें, नमद्याच्या तुकड्यानें, पुन्हां घांसणें. दहा-पंधरा थर म्हणजे कांहीं विशेष नव्हे. सगळ्यांच्या शेवटीं येई तो अंतिम व्हार्निशाचा हात, आणि तो मात्र कोणी घांसत नसे. त्यासाठीं खोली वेगळी. जमिनीवर पाणी शिंपडलेलें, दारें बंद, आंत एकच कसबी माणूस मऊ केसांचा कुंचला घेऊन. हात देऊन तो बाहेर पडला कीं ते दाट रोगण आपल्या आपण पसरून सपाट होई. त्याला वाळण्याची घाई नव्हती म्हणूनच तें सपाट होई. या सर्व खटाटोपास कित्येक आठवडे लागत. आमच्या पाहण्यांतल्या जुन्या बग्ग्यांचा तो खोल, विहिरीच्या पाण्यासारखा काळेपणा या आठवड्यांचा आहे.

यांत एक अनर्थ होता. सपाट भाग दगडानें ओले घांसतां येत. परंतु वळणें, कड्या, कोपरे, डब्याचें छत, हें सारें पॉलिश पेपरानेंच करावें लागे. तो पेपर सरसानें डकविलेला. सरस पाण्यांत विरघळतो. म्हणून पेपरानें घांसावयाचें तें कोरडेंच, आणि घांसावयाचें काय, तर शिशाचा क्षार! छताकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडांत ती पांढरी भुकटी जाई. पोटशूळ, मनगटें लुळीं पडणें, पुढें मेंदूवर आघात, हीं शिशाच्या विषाचीं लक्षणें. अमेरिकेंत डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन या विदुषीनें १९११ च्या सुमारास शिकागोजवळच्या पुलमन येथील रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यांतील रंगाऱ्यांची अशी दैना उजेडांत आणली, आणि मालकांना सुधारणा करणें भाग पाडलें. याच बाई १९१९ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील पहिल्या स्त्री-अध्यापिका झाल्या. बग्गीच्या जिल्हईचें कौतुक करणाऱ्या पुस्तकांतून या भुकटीचा उल्लेख फारसा आढळत नाहीं. मला ती उणीव लहान वाटत नाहीं.

मोटार आली तेव्हां ती अर्थातच बग्गीच्या रंगाऱ्यांच्या हातीं पडली, आणि लवकरच अडचण उभी राहिली. फोर्डच्या कारखान्यांत १९१४ सालीं गाडीचा सांगाडा जोडण्यास ९३ मिनिटें पुरूं लागलीं. चांगल्या गाडीच्या रंगास मात्र दोन ते चार आठवडे लागत! तयार होणाऱ्या गाड्या वाळत ठेवण्यास जागा आणावयाची कोठून? फोर्डनें उत्तर सोपें केलें. त्याची 'मॉडेल टी' १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच विकली गेली. डांबरी पदार्थ आणि जवसाचें तेल यांच्या त्या काळ्या रोगणाचे अनेक भाग भट्टींत भाजून वाळवितां येत; तें स्वस्त होतें आणि टिकाऊहि होतें. पण सगळें जग कायमचें काळ्या गाडींत बसावयास तयार नसतें.

तोड निघाली ती स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यांतून. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होणारा स्फोटक कापूस शोनबाइन या रसायनज्ञानें १८४६ सालीं जगापुढें आणला होता. पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें आणि असा कापूस करणाऱ्या कारखान्यांना काम उरलें नाहीं. या कापसाचें रोगण करतां येई, पण तें इतकें घट्ट होई कीं फवाऱ्यासाठीं फार पातळ करावें लागे, आणि मग थर नांवापुरताच बसे. ड्युपाँ कंपनीच्या लोकांना १९२० सालीं सोडियम अॅसिटेटाच्या योगानें तें द्रावण पातळ होतें असें आढळलें. जनरल मोटर्सच्या केटरिंग यांनीं हें रोगण मोटारींसाठीं उचलून धरलें, आणि १९२३ सालीं 'ड्युको' या नांवानें रंगविलेली निळी ओकलंड गाडी लोकांपुढें आली. आठवड्यांचें काम तासांवर आलें.

ड्युकोला इंग्रजींत 'लॅकर' म्हणत. हा शब्द पाहा कोठून कोठें गेला! आपल्या संस्कृतांतली 'लाक्षा', म्हणजे पळसावरची नि बोरीवरची लाख, फारशींतून पोर्तुगिजांच्या तोंडीं 'लाक्रे' झाली, आणि इंग्रजांनीं तिचें 'लॅकर' केलें. ज्या रोगणाला हें नांव मिळालें त्यांत लाखेचा कणहि नव्हता. पुढें हिशेब उलटहि चुकता झाला. जनरल मोटर्सनें मुंबईंत शिवडी येथें १९२८ सालीं मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. तो १९५४ सालीं बंद पडला. परंतु 'ड्युको' हें नांव आपल्या सुतारांच्या व रंगाऱ्यांच्या बोलींत राहूनच गेलें. आज कपाटाच्या दारांवर फवाऱ्यानें गुळगुळीत रंग करून घ्यावयाचा असला म्हणजे मुंबई-पुण्याचा सुतार 'डुको करूं या का?' असें विचारतो, आणि हें एका परदेशी कंपनीचें विशेषनाम आहे, हें बहुधा कोणाच्या गांवींहि नसतें.

ड्युकोनें घांसण्याचें मात्र भलतेंच केलें. तो मिनिटांत वाळे. म्हणजे बग्गीच्या व्हार्निशाप्रमाणें पसरून सपाट होण्यास त्याला सवडच नसे. फवारलेला पृष्ठभाग मंद आणि खरबरीत निघे. तेव्हां जें घांसणें बग्गींत तळाच्या थरांपुरतें होतें तें एकदम सर्वांत वरच्या थरावर आलें. जपानी कारागिरांची रीत डेट्रॉइटच्या कारखान्यांत शिरली, पण तळहाताच्या जागीं लोंकरीचीं फिरतीं चाकें आणि रांगेनें उभीं असलेलीं माणसें घेऊन.

ज्या फवाऱ्यानें हें शक्य झालें त्याचाहि उगम मौजेचा आहे. अमेरिकेंतील टोलीडो गांवच्या डॉक्टर डेव्हिल्बिस यांनीं रोग्यांच्या घशांत औषध उडविण्यासाठीं १८८८ च्या सुमारास एक उपकरण काढलें होतें. त्यांचा मुलगा टॉमस यानें १९०७ च्या सुमारास त्याच तत्त्वावर रंगाची पिचकारी तयार केली. श्वासमार्गाच्या उपचाराकरितां निघालेलें साधन रंगाऱ्याच्या श्वासमार्गांत विष नेण्याचेंहि साधन व्हावें, हा दैवदुर्विलास. त्याकडे आपल्याला पुढें पुन्हां वळावें लागेल.

आतां त्या पाण्याच्या बादलीची कथा. फिलाडेल्फियांत फ्रॅन्सिस ओकी नांवाचा शाईचा धंदा करणारा एक गृहस्थ होता. त्यानें १९२० सालीं पॉलिश पेपर करणाऱ्या मिनेसोटा मायनिंग कंपनीस पत्र धाडून घर्षणकणांचे नमुने मागविले. शाईवाल्याला हे कण कशाला हवेत, अशी कंपनीच्या मॅकनाइट यांना शंका आली, आणि चौकशी करतां असें निघालें कीं, ओकीनें पाण्यांत न सुटणारा पेपर तयार केला आहे. कंपनीनें हक्क विकत घेतले, ओकीलाहि नोकरींत घेतलें, आणि १९२१ सालीं ओला-कोरडा कसाहि चालणारा पेपर बाजारांत आला. त्यावरचे कण अॅचेसननें १८९१ सालीं शोधलेल्या सिलिकॉन कार्बाइडाचे. हाच ओकी पुढें वस्तऱ्याऐवजीं बारीक पॉलिश पेपरानें दाढी करावी असें लोकांना सुचवीत असे, आणि स्वतः करीतहि असे म्हणतात; ती कल्पना कां चालली नाहीं हें सांगण्याची गरज नाहीं.

पाण्यामुळें पेपर तुंबत नाहीं, ओरखडे बारीक पडतात, हे फायदे खरेच; पण माझ्या मतें मुख्य लाभ निराळा. भुकटी हवेंत न उडतां राडा होऊन खालीं वाहून जाऊं लागली. त्याच १९२१ सालीं जिनीव्हा येथें आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें शिशाच्या सफेत्यासंबंधीं करार मंजूर केला, आणि त्यांत कोरड्या घांसण्यानें उडणाऱ्या धुळीचा स्पष्ट निर्देश आहे. करार आणि कागद एकमेकांना ओळखत नव्हते. कामगाराच्या दृष्टीनें पाहिलें तर दोहोंनीं एकाच बाजूनें काम केलें, आणि कागद करारापेक्षां लवकर पोहोंचला असावा असें मला वाटतें.

याच पेपराचे नमुने घेऊन रिचर्ड ड्र्यू नांवाचा कंपनीचा तरुण नोकर १९२३ सालीं सेंट पॉल गांवांतल्या एका रंगकामाच्या कारखान्यांत गेला असतां, दोन रंगांच्या गाडीवरची चिकटपट्टी काढतांना रंगच निघून आला म्हणून रंगारी शिव्याशाप देत होते. त्यांतून १९२५ सालीं मास्किंग टेप निघाली. ती कथा प्रसिद्ध आहे. येथें एवढी पुरे.

कारखानदारांच्या हिशेबीं घांसणें म्हणजे मजुरी. तेव्हां तें टाळण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. फोर्ड वगैरेंनीं १९३० नंतरच्या दशकांत भट्टींत भाजावयाचे एनॅमल रंग घेतले. ते आपल्या आपण सपाट होत आणि भट्टींतून चमकतच बाहेर येत. जनरल मोटर्स मात्र लॅकरला धरून राहिली. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत तिनें अॅक्रिलिक लॅकर आणलें आणि एक चतुर युक्ति योजिली. आधीं रंग थोडा भाजावयाचा, मग दोष घांसून काढावयाचे, आणि पुन्हां अधिक भाजावयाचा, कीं थर मऊ होऊन पेपराचे ओरखडे आपल्या आपण मिटावे. हातानें चोळणाऱ्यांची रांग उष्णतेनें पुसून टाकली.

कारखान्यानें टाकलेलें काम अंगणांत गेलें. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियांतले तरुण जुन्या मोटारी कापून-जोडून स्वतः रंगवीत, तेव्हां त्यांना लॅकरच सोयीचें पडे. कारण तें धूळ बसण्याच्या आंत वाळे. भट्टी नसली तरी हात होते. वीस थर लॅकरचे, सगळे हातानें घांसलेले, अशी प्रौढी तेथें ऐकूं येई. ज्या कामाला कारखान्यांत रोजंदारी मिळे, आणि तीहि कमींत कमी द्यावी असें मालकाला वाटे, तेंच काम येथें अभिमानाचें झालें. श्रम तेच; पण करणारा आपल्या गाडीवर करीत होता.

आतां क्लिअरकडे येऊं. रंगांत अॅल्युमिनियमचे बारीक पत्रे मिसळून चमचमणारे रंग करूं लागल्यावर पंचाईत झाली. ते घांसले तर कणच उघडे पडून रंगावर डाग उमटत. तेव्हां रंगाचा थर खालीं पातळ ठेवून वर स्वच्छ पारदर्शक थर द्यावा, ही पद्धति युरोपांत १९७० च्या दशकांत रूढ होत गेली. अमेरिकेंत कॉर्व्हेट गाडीचें काम १९८१ सालीं केंटकींतील बोलिंग ग्रीनच्या नव्या कारखान्यांत गेलें, तेव्हां तेथें हीच पद्धति घेतली. चमकण्याची व ऊन सोसण्याची जबाबदारी आतां सगळी या वरच्या कांचेसारख्या थरावर आली. आणि तो थर किती जाड? कारखान्याच्या गाडीवर बहुधा ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉनचा असतो.

म्हणून घरच्या गृहस्थानें पेपर हातीं घेतला कीं तो केसाहून पातळ वस्तूवर काम करीत असतो. जाणता असेल तर तो क्लिअरचा एखादा हात जास्तच देतो. घांसण्यासाठीं कांहीं शिल्लक हवी. हार्डनर घातलेलें क्लिअर दिवसा-दोन दिवसांत घांसण्याजोगें होतें. डब्यांतलें साधें लॅकर मात्र वरून वाळलेलें दिसलें तरी आठवडे आक्रसत राहतें, आणि घाईनें घांसल्यास केलेलें काम पुन्हां बसतें. पेपराखालीं रबराचा ठोकळा ठेवावयाचा. नुसत्या बोटांनीं घांसलें तर बोटांच्या रेषेंत चर पडतात. पाण्यांत साबणाचे दोन थेंब. १५०० नें उंचवटे कापावयाचे, २००० नें १५०० चे ओरखडे, हवें तर ३००० नें २००० चे, मग कंपाउंड. मधून मधून फडक्यानें पुसून पाहावें. खळग्यांचे तळ अजून चमकत असतात आणि माथे मंद झालेले असतात. शेवटचा चमकता ठिपका जातो तेथें थांबावयाचें. राडा पांढरा आहे तोंवर क्लिअर निघत आहे. त्यांत रंग दिसला कीं थर संपला, आणि त्या भागाला पुन्हां फवारण्यावांचून उपाय नाहीं. हें बहुधा घडतें तें धारेवर, जेथें पत्रा वळतो. कारण ओलें रोगण धारेवरून मागें सरतें आणि तेथें थर मुळांतच पातळ असतो. अनुभवी लोक सर्व कडांना मास्किंग टेप लावूनच घांसावयास बसतात आणि अखेर ती काढून कडा हलक्या हातानें करतात.

शिशाची भुकटी गेली, तरी श्वासाचा प्रश्न गेला नाहीं. हार्डनरचें टणक क्लिअर हें पॉलियुरेथेन जातीचें असतें. या द्रव्याचा शोध जर्मनींत ऑटो बायर यांनीं १९३७ सालीं लावला. हार्डनरमध्यें आयसोसायनेटें असतात. भोपाळांत १९८४ च्या डिसेंबरांत ज्या वायूनें हजारों माणसें मेलीं, त्याच्या नांवांतहि हा शब्द आहे. ते द्रव्य निराळें आणि फार अधिक घातक, पण कुळ एक. मोटारी फवारणाऱ्या रंगाऱ्यांना या आयसोसायनेटांच्या तुषारांपासून दमा जडतो, आणि एकदां शरीर बिथरलें म्हणजे पुढें अत्यल्प मात्रेनेंहि धाप लागते. त्याला विशिष्ट वास नसल्यामुळें नाक सावध करीत नाहीं. युरोपीय संघांत २४ ऑगस्ट २०२३ पासून डाय-आयसोसायनेटें ०.१ टक्क्याहून अधिक असलेलीं द्रव्यें धंद्यांत वापरणाऱ्यांस, तीं सुरक्षितपणें कशीं वापरावीं याचें शिक्षण पुरें केल्याखेरीज, तीं हाताळण्यास बंदी आहे.

हा नियम धंदेवाल्यांचा. अंगणांतल्या हौशी माणसावर देखरेख करणारा कोणी नाहीं; स्वच्छ हवेची नळी असलेला मुखवटा बाळगणें त्याला परवडत नाहीं, आणि नाकावर बांधलेला रुमाल या तुषारांना मुळींच अडवीत नाहीं. त्यामुळें कांहीं जाणते लोक क्लिअर फवारण्यापुरती गाडी बंदिस्त खोली असलेल्या गॅरेजांत नेतात, आणि दोन दिवसांनीं ती घरीं आणून, बादली भरून, घांसावयास बसतात.